दुसरी किल्ली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकलो, आणि पुढे ज्या खात्यात माझी सारी चाकरी झाली तेथे दुसऱ्याचे पैसे मोजण्यापलीकडे मी काही केले नाही. तेव्हा संतवाङ्मयावर, इतिहासावर आणि नाट्यकलेवर या व्यासपीठावरून जी विद्वत्तापूर्ण व्याख्याने झाली, त्यांच्या पंक्तीस माझे हे बोलणे बसावे अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र गुरुजी हयात असते तर आजच्या विषयासाठी त्यांनी स्वतःच खडू हाती घेतला असता, याविषयी मला शंका नाही. आभासी चलनातील गुंतवणुकीचे आमिष दाखवून म्हाताऱ्या माणसांची जी लूट चालली आहे, तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. सरकारी कागदांत या चलनास ‘आभासी डिजिटल मत्ता’ असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे बाजारात, एस. टी. स्टँडवर आणि बंदरावर मात्र, नाणे कोणतेही असो, त्याला सरसकट ‘बिटकॉइन’ म्हणतात, आणि आज मीही बहुधा तसेच म्हणेन, कारण ज्यांचे पैसे गेले त्यांतील पुष्कळांच्या वाट्यास खरे बिटकॉइन कधी आलेच नव्हते.

प्रथम मला तुम्हांस एका खोलीत न्यावयाचे आहे. तालुक्याच्या उपकोषागारात, ज्याला जुनी माणसे अजून खजिनाच म्हणतात, एक जाड भिंतींची खोली असे. तीत मुद्रांक, मोहोरबंद पेट्या आणि अन्य कचेऱ्यांनी सांभाळावयास दिलेला ऐवज ठेवलेला असे. त्या खोलीला दुहेरी कुलूप होते. एका कुलपाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची रोखपालाकडे. दोघेही हजर असल्याखेरीज दार उघडावयाचे नाही, उघडले की रजिस्टरात नोंद करावयाची आणि दोघांनी सही करावयाची, असा दंडक होता. मी नोकरीत नवा असताना मला ही व्यवस्था अपमानास्पद वाटे. सरकारचा साहेबांवर विश्वास नाही आणि साहेबांचा रोखपालावर नाही, मग कामे चालावयाची कशी, असे मी एकदा आमच्या अव्वल कारकुनांपाशी बोलून गेलो. ते तपकीर ओढीत म्हणाले, “दोन कुलपे चोरासाठी नसतात रे, चोर भिंत फोडतो. दोन कुलपे प्रामाणिक माणसासाठी असतात, त्याचा दिवस वाईट असेल तेव्हासाठी.” त्या वाक्याचा अर्थ मला उमगावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

आज आपल्या प्रत्येकाच्या सदऱ्याच्या खिशात तसाच एक खजिना आहे. मुदतठेव, बचत खाते, निवृत्तिवेतन, सोन्यावरचे कर्ज, सारे त्या हातभर नव्हे, वीतभर यंत्रात सामावलेले आहे, आणि त्याला कुलूप एकच आहे. चार किंवा सहा आकडे दाबले की दार उघडते. बाजूस कोणी उभे नसते, रजिस्टरात दुसरी सही नसते. सोयीच्या नावाखाली आपण दुसरी किल्ली केव्हा टाकून दिली, हे आपले आपल्यालाच कळले नाही. मी सोयींचा शत्रू नाही. पण प्रत्येक सोयीने एकेक साक्षीदार कमी केला, हे मी हिशेबनीस या नात्याने नमूद करून ठेवतो. गिरणीतला चाकरमानी मुंबईहून मनिऑर्डर धाडी, तेव्हा ती घेऊन येणारा पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजी, सही न येणाऱ्या म्हातारीचा अंगठा घेई आणि त्या अंगठ्यावर शेजारच्याची साक्ष घेई. कोणाच्या घरी किती आले आणि कोणाच्या घरी या महिन्यात काहीच आले नाही, हे साऱ्या वाडीला ठाऊक असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर किती घरांची मनिऑर्डर थांबली हे सांगावयास कोणा पाहणीची गरज नव्हती, पोस्टमनची पिशवीच ते सांगत होती. त्या उघडेपणात जाच होता, मी नाकारीत नाही. पण त्या जाचात एक संरक्षणही होते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्त मंडळी कचेरीत आणि बँकेत जमत, कोण खंगला, कोणाच्या सदऱ्याचे बटण तुटले, कोण पैशाच्या विवंचनेत दिसतो, हे एकमेकांच्या नजरेस येई. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आले; आता माणूस घरबसल्या जिवंत असल्याचे सिद्ध करू शकतो. ज्याचे गुडघे गेले आहेत त्याच्यावर हे उपकारच आहेत. मात्र तो जिवंत आहे हे सरकारला कळते, एवढेच. तो कसा आहे हे कोणालाच कळत नाही.

आणि आपला जिल्हा तर म्हाताऱ्यांचा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. सारा देश फुगत असताना आपण आटलो. मागे राहिली ती बहुधा बंद खोल्यांच्या मोठ्या घरांत राहणारी साठीपुढची माणसे. मुलगा पुण्यास, मुलगी डोंबिवलीस, धाकटा आखातात. गणपतीला घर भरते, आणि अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा माडांचा आवाज ऐकू येऊ लागतो.

माझे एक जुने सहकारी आहेत. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ते आमच्याकडे रोखपाल होते, म्हणजे दुसरी किल्ली सांभाळण्यातच त्यांची हयात गेली. आठ आण्यांचा हिशेब लागला नाही म्हणून रात्री नऊपर्यंत कंदील लावून बसलेले मी त्यांना पाहिले आहे. पत्नी वारल्यानंतर ते घरात एकटे राहिले. एके दिवशी त्यांच्या फोनवर कोणा मुलीचा निरोप आला; तो दुसऱ्यासाठी होता, चुकून इकडे आला, असे तिने लगेच सांगून माफी मागितली. माफी मागणाऱ्यास उत्तर देणे हा आपल्या पिढीचा शिष्टाचार. त्यांनी ‘काही हरकत नाही’ असे कळविले, आणि तेथून पुढे दोन महिने पैशाचा एक शब्दही निघाला नाही. सकाळी ‘काका, चहा झाला का’, दुपारी ‘काका, जेवलात का’, पाऊस फार झाला की ‘काका, बाहेर जाऊ नका’. त्यांचा मुलगा कर्तव्यदक्ष आहे, तो दर रविवारी न चुकता फोन करतो. पण आठवड्यात रविवार एकच असतो, आणि जेवावयास माणूस रोज बसतो.

मग केव्हातरी तिने सहज सांगितले की आपले मामा बिटकॉइनमध्ये जाणकार आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका गटात माझ्या सहकाऱ्यांना घेण्यात आले. तेथे दीडएकशे माणसे रोज आपापल्या नफ्याचे आकडे दाखवीत आणि मामांचे आभार मानीत. ती दीडशे माणसे बहुधा दोघेतिघेच असावीत, हे आज आपण म्हणतो. त्यांच्या फोनवर एक ॲप बसवण्यात आले. त्यांनी प्रथम पाच हजार घातले, आठ दिवसांत ते साडेसहा हजार दिसू लागले, आणि रोखपालाच्या सावधपणाने त्यांनी ते काढून पाहिले. पैसे खरोखरच बँकेत जमा झाले. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे, कारण हा ठग अडाणी नाही; हिशेबी माणूस काय पडताळून पाहील हे तो आधीच जाणतो आणि तेवढी पडताळणी त्याला करू देतो. त्यानंतर सेवानिवृत्तीचे उपदान, अंशराशीकरणाची रक्कम, पत्नीच्या नावची मुदतठेव, असा एकेक जिन्नस त्या खोलीतून बाहेर गेला. पडद्यावर आकडा वाढत वाढत गेला. काढू म्हटल्यावर मात्र उत्तर आले, की तीस टक्के कर आधी भरावा लागेल. त्या कराच्या रकमेसाठी कर्ज काढावयाचे, आणि त्या कर्जास जामीन राहावे, म्हणून ते माझ्याकडे आले.

मी कागद बाजूस ठेवला आणि विचारले, पहिल्या दिवशी माझ्याकडे का आला नाहीस? कचेरीत आम्ही शुद्ध बोलत असू. त्या दिवशी ते आपल्या बोलीवर आले. म्हणाले, “तुका सांगलंय तर तू नको म्हणतलंस, ह्या माका म्हायत होता.”

या उत्तराचा मी अजून विचार करतो. त्यांना मोह झाला होता हे खरे, पण मोहाच्या खाली त्यांना स्वतःलाच शंका होती. आणि ज्याच्या तोंडून ती शंका बाहेर पडली असती, नेमका तोच माणूस त्यांनी टाळला. म्हणून मी असे मानतो की म्हाताऱ्याला ठकविणे म्हणजे त्याला खोटे पटविणे नव्हे. तेवढ्याने भागत नाही. त्याच्या आणि ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाच्या मध्ये एक पडदा उभा करावा लागतो, आणि या धंद्याचे सारे कसब त्या पडद्यात आहे. ‘घरी सांगू नका, आश्चर्याचा धक्का द्या’, ‘बँकेत विचारले तर घर दुरुस्तीसाठी म्हणा’, ‘मुलांना हे कळणार नाही’, ही वाक्ये ज्या क्षणी कानी येतील त्या क्षणी समजावे की कोणीतरी आपली दुसरी किल्ली काढून घेत आहे. मुंबईतील एका ८० वर्षांच्या गृहस्थांची हकिगत २०२५ च्या ऑगस्टात वर्तमानपत्रांतून आली. तेथे बिटकॉइन नव्हते, फक्त फोनवरून जडलेली ओळख होती. पण एप्रिल २०२३ पासून जानेवारी २०२५ पर्यंत ७३४ वेळा त्यांनी पैसे पाठविले, एकूण सुमारे नऊ कोटी, आणि शेवटी मुलाकडे मागण्याची वेळ आली तेव्हा उलगडा झाला. सातशे चौतीस वेळा दार उघडले आणि एकदाही दुसऱ्या किल्लीची गरज पडली नाही.

आता या चलनाविषयी थोडे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ पासून बिटकॉइन चालू झाले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही एक रोजकीर्द आहे, जिची नक्कल जगभर हजारो ठिकाणी एकाच वेळी ठेवलेली असते. एकदा पडलेली नोंद खोडता येत नाही, आणि अशी नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे निघावयाची नाहीत असे तिच्या नियमातच आहे. बुद्धीचे काम म्हणून मला त्या रोजकिर्दीचे कौतुक आहे. पण तिच्या कर्त्यास ज्या गोष्टीचा अभिमान, तीच म्हाताऱ्या माणसाच्या मुळावर येते: देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिऱ्हाईत नको, बँक नको, पंच नको, ही त्या निबंधाची मूळ प्रतिज्ञा आहे. तिऱ्हाईत म्हणजे दलाली खाणारा, हे खरे. पण ‘थांबा’ म्हणणाराही तोच असतो. धनादेश थांबवता येतो, खाते गोठवता येते. ही नोंद एकदा पडली की तिचे अपील कोणत्याही कोर्टात चालत नाही. ठगाला बिटकॉइनचे किंवा डॉलरच्या किमतीशी बांधलेल्या ‘टिथर’चे आकर्षण वाटते ते एवढ्याचसाठी. आपले पैसे आधी कोणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या बँक खात्यात जातात, तेथून तासा-दोन तासांत दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात, आणि मग त्यांचे टिथर होऊन ते देशाबाहेर पडतात. नावे नवी असली तरी हुंडी-हवाल्याची वाट मात्र जुनीच आहे.

हे लांबच्या मुलखातले प्रकरण आहे असे कोणी समजू नये. बिटकॉइनच्या नावावर या देशात झालेला सर्वांत गाजलेला अपहार पुण्याशी निगडित आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत, तुम्ही बिटकॉइन द्या, आम्ही ते नवी नाणी काढण्याच्या ‘खाणकामात’ लावू आणि १८ महिने दरमहा दहा टक्के परत करू, असे वचन होते; सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे २०१७ मध्येच अशी सुमारे ६,६०० कोटी रुपयांची बिटकॉइन गोळा झाली. पुढे खऱ्या नाण्यांऐवजी योजनेने स्वतःच पाडलेले ‘एमकॅप’ नावाचे नाणे गुंतवणूकदारांच्या हाती ठेवले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपी अमित भारद्वाज यांस अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, ते वारले. पण या प्रकरणातील जो भाग मला रात्री झोप लागू देत नाही तो त्यानंतरचा आहे. आरोपींच्या जप्त केलेल्या आभासी तिजोऱ्या उघडण्यासाठी पोलिसांनी ज्या तांत्रिक जाणकारांना बोलाविले होते, त्यांतील दोघांना मार्च २०२२ मध्ये खुद्द पुणे पोलिसांनीच अटक केली, आणि त्यांच्यावर आरोप ठेवला तो तपासातील नाणी स्वतःकडे वळविल्याचा. सरकारी मुद्देमालालाही दुहेरी कुलूप उरले नव्हते, असा याचा अर्थ मी घेतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील फिर्यादी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविल्या.

त्याआधी, एप्रिल २०१७ मध्ये, नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’ नावाच्या नाण्याच्या प्रचारकांना पकडले होते. ही मंडळी सांगत ते नाणे वस्तुतः कोणत्याही रोजकिर्दीवर नव्हतेच. संगणकात कोणी आकडा लिही, तोच भाव. त्याची बल्गेरियातील प्रवर्तक रुजा इग्नातोवा २५ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानाने अथेन्सला गेली, ती आजतागायत कोणास सापडलेली नाही. आणि ६ जानेवारी २०२५ रोजी दादरमध्ये ‘टोरेस’ नावाच्या दागिन्यांच्या दुकानासमोर जी गर्दी उसळली, ती तुमच्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांनी पाहिली असेल, कारण दादर म्हणजे कोकणवासीयांचे अर्धे गाव. मोइसनाइटच्या खड्यांवर आठवड्याच्या आठवड्यास व्याज मिळत होते. भाजी विकणाऱ्या बायांपासून नोकरदारांपर्यंत सर्वांनी पैसे घातले होते, आणि त्यांतील काही पैसा आभासी चलनाच्या वाटेने बाहेर गेल्याचे तपासात पुढे आले.

गुरुजींच्या फळ्यावरचे एकच गणित येथे मांडतो. दरमहा दहा टक्के, आणि मिळालेले व्याज पुन्हा त्यातच घातले, तर १८ महिन्यांत एका रुपयाचे साडेपाच रुपये होतात. दिवसाला एक टक्का, जो या फोनवरच्या ॲपांचा नेहमीचा दर आहे, तो वर्षभर धरला तर एका रुपयाचे जवळजवळ ३८ रुपये होतात. सरकार ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत वर्षाला ८.२ टक्के देते. ज्याला दिवसाला एक टक्का खरोखर मिळवता येतो, त्याने तुमच्याकडे पाच हजार मागावयास का यावे? त्याच्या दारात बँकाच रांगा लावतील. वर्गात हे गणित सुटले की गुरुजी खडू खाली ठेवीत आणि काही बोलत नसत.

आता पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, हे लोभाचे फळ आहे, भोगावे. हे बोलणे मला नेहमी निष्ठुर वाटते, आणि अज्ञानाचेही. माझ्या सहकाऱ्यांना दुसरे घर बांधावयाचे नव्हते. मुलाला आखातातून लवकर परत येता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्या पिढीला कागदावरच्या शिक्क्यावर, सरकारी दिसणाऱ्या अक्षरावर आणि दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवावयास आपणच शिकविले, त्या पिढीच्या सद्गुणाचा हा फायदा घेणे आहे. शिवाय ही केवळ आपल्या म्हाताऱ्यांची गत नाही. अमेरिकेच्या संघीय तपास यंत्रणेने २०२४ सालचा जो हिशेब दिला, त्यात साठ वर्षांवरील लोकांनी आभासी चलनाशी संबंधित फसवणुकींत गमावलेली रक्कम सुमारे २८० कोटी डॉलर आहे. आपल्या गृह खात्याने संसदेस सांगितले की २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत एकूण २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता.

आणि ती ‘काका, जेवलात का’ विचारणारी मुलगी? ती कदाचित मुलगी नसेलच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा फसवणुकीच्या कारखान्यांत डांबलेली असावीत. म्यानमारच्या म्यावाडी भागात भारतीय तरुणांना थायलंडमधील संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून नेण्यात आले, याविषयी आपल्या परराष्ट्र खात्याने २०२२ पासून इशारे दिलेले आहेत. त्यांचे पारपत्र काढून घेतले जाते, रोजचे लक्ष्य पुरे झाले नाही तर मार बसतो. एकीकडे कोकणातला म्हातारा एकटा, दुसरीकडे काटेरी तारेच्या आत कोणा आईचा मुलगा ‘काका, जेवलात का’ असे टंकीत बसलेला, आणि कदाचित स्वतः उपाशी. गुन्हेगाराविषयी बोलताना माझा आवाज चढावयास हवा. या ठिकाणी तो चढत नाही, हे मी कबूल करतो.

कायद्याविषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहावयास सांगितले, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ पासून अशा नफ्यावर तीस टक्के आयकर आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर एक टक्का उद्गम करकपात आहे. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार करणाऱ्या पेढ्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. म्हणजे बाळगणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. ठग या अर्धवट स्थितीचा मोठ्या कौशल्याने उपयोग करतो: तीस टक्के कर खरोखरच आहे, म्हणूनच त्याची मागणी खरी वाटते. ध्यानात ठेवावे की आयकर हा विवरणपत्र भरून सरकारी खजिन्यात भरावयाचा असतो. तुमचेच पैसे तुम्हांस परत देण्यासाठी कोणा खासगी खात्यात आधी कर भरा असे जो म्हणेल, तो कर गोळा करीत नाही. आणि पैसे गेल्यानंतर ‘आम्ही ते वसूल करून देतो, फी भरा’ म्हणून जे वकील आणि अधिकारी फोन करतात, ते बहुधा त्याच टोळीचे दुसरे दप्तर असते.

कायद्याहून मोठी अडचण लाजेची आहे. पैसे गेल्यावर १९३० या क्रमांकावर फोन केला तर पैसा ज्या खात्यात पोहोचला ते खाते गोठवण्याची व्यवस्था आहे. पण तो टिथर होऊन बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे तासांत, क्वचित मिनिटांत, फोन झाला पाहिजे. आमच्या माणसांना तोंड उघडावयास महिने लागतात. माझ्या सहकाऱ्यांनी मुलाला सांगितले ते पाच महिन्यांनी. येथे मला आपल्या गाऱ्हाण्याची आठवण होते. गाऱ्हाणे म्हणजे नुसती तक्रार नव्हे, हे घाटावरच्या माणसास समजावून सांगावे लागते. देवापुढे गावकार उभा राहतो, कोणाच्या घरी काय संकट आले आहे ते नाव घेऊन साऱ्या गावासमक्ष मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्यागणिक जमलेली माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. संकट आले हे सांगण्यात तेथे लाज नसते, कारण ऐकणाऱ्यांनी आधीच होकार भरलेला असतो. फसलेल्या म्हाताऱ्याला ‘तुम्हांला कळले कसे नाही’ असे विचारणाऱ्या मुलांनी, सुनांनी, बँकेतील आणि ठाण्यावरील कर्मचाऱ्यांनी एवढे करावे: तो प्रश्न गिळावा, आणि आधी ‘व्हय’ म्हणावे.

आता दुसऱ्या किल्लीची व्यवस्था. जे खाते फोनला जोडलेले आहे, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असावेत आणि त्याची रोजची मर्यादा बँकेस सांगून कमी करून घ्यावी. जन्माची शिल्लक वेगळ्या खात्यात किंवा मुदतठेवीत, फोनवरून मोडता न येणारी असावी, आणि तिचा अर्ज भरताना ‘दोघांपैकी कोणीही’ याऐवजी ‘दोघांनी संयुक्तपणे’ या चौकटीत खूण करावी. बँकेतील मुलगी म्हणेल, काका, त्याने गैरसोय होईल. तिला सांगावे, तीच हवी आहे.

पण मला एक सावधगिरीचा शब्द बोललाच पाहिजे, नाहीतर मी खजिन्यात नोकरी केली नाही असे होईल. म्हाताऱ्यांचे पैसे नेणारे सगळेच फोनवरून येत नाहीत; काही जण घरातच जन्मलेले असतात. संरक्षणाच्या नावाखाली मुखत्यारपत्र लिहून घ्यावयाचे, एटीएमचे कार्ड आपल्या पाकिटात ठेवावयाचे, आणि बापाला पानसुपारीला दहा रुपये मागावयास लावावयाचे, हे प्रकार मी पाहिले आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत परत मिळविण्याची तरतूद कलम २३ मध्ये करावी लागली ती उगीच नव्हे. म्हणून खजिन्याचा नियम पुरता पाळावा. दुसऱ्या किल्लीने एकट्याने दार उघडत नाही. तिला फक्त न उघडण्याचा अधिकार असतो. ज्याच्या हाती ती द्यावयाची त्याला पैसे काढता येऊ नयेत, केवळ ‘आज नको’ म्हणता यावे. आणि तो शक्य तर वारस नसावा. शेजारी चालेल, जुना सहकारी चालेल, निवृत्त शिक्षिका उत्तम. ती बँकेतच असली पाहिजे असेही नाही. दहा हजारांवरची कोणतीही रक्कम कोठेही पाठविण्यापूर्वी अमक्या माणसास फोन करावयाचा आणि एक रात्र जाऊ द्यावयाची, असा करार एका वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही केली, तरी दुहेरी कुलूप लागले.

माझ्या सहकाऱ्यांचे पैसे परत आलेले नाहीत. फिर्याद दाखल आहे. मुलगा आता रोज रात्री फोन करतो. ते मला सांगत होते, पहिले काही दिवस बोलावयास काही सुचत नसे, म्हणून तो नुसते जेवणाचे विचारी.

माझी स्वतःची दुसरी किल्ली शेजारच्या घरातील एका निवृत्त परिचारिकेकडे आहे. गेल्या दोन वर्षांत तिने मला दोनदा ‘नको’ म्हटले, आणि दोन्ही वेळा मला तिचा राग आला होता.